खाँसाहेबांचा तरुण आवाज
अब्दुल करीम खाँ यांच्या १९०५ च्या सुमाराच्या ध्वनिमुद्रिकांचा शोध आणि त्यांचे महत्त्व

किराणा घराण्याचे नाव निघाले की रसिकांच्या कानात एक विशिष्ट आवाज घुमू लागतो. उंच पट्टीतला, नाजूक, आर्जवी आणि स्वरावर स्थिरावला की तिथून हलूच नये असे वाटायला लावणारा. हा आवाज उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचा. झिंझोटीतील ‘पिया बिन’, भैरवीतील ‘जमुना के तीर’ या ठुमऱ्यांनी तो घराघरांत नेला. मात्र ज्या तबकड्यांवरून हा आवाज सर्वपरिचित झाला, त्या खाँसाहेबांनी साठी ओलांडल्यानंतर, आयुष्याच्या अखेरच्या काही वर्षांत ध्वनिमुद्रित झाल्या. त्याआधी सुमारे तीस वर्षे, ऐन तारुण्यात, खाँसाहेब ग्रामोफोनच्या कर्ण्यासमोर गायले होते. त्या गाण्याचा सर्वसामान्य रसिकाला कित्येक दशके पत्ताच नव्हता.

तबकड्यांच्या संग्राहकांनी आणि अभ्यासकांनी चिकाटीने हा धागा पुन्हा जोडला. त्यामुळे एका थोर गायकाची काही अधिक गाणी ऐकायला मिळाली, एवढेच या शोधाचे मोल नाही. एखाद्या घराण्याच्या गायकीविषयी आपण जे सिद्धांत मांडतो ते किती तोकड्या पुराव्यावर उभे असतात, हेही या शोधाने दाखवून दिले.

कैराना ते मिरज

अब्दुल करीम खाँ यांचा जन्म १८७२ चा. उत्तर प्रदेशातील कैराना हे त्यांचे गाव. याच गावाच्या नावावरून ‘किराणा’ घराणे ओळखले जाऊ लागले. घरात पिढ्यान्‌पिढ्या गाणे आणि सारंगी होती. तरुणपणी ते बडोदा संस्थानच्या दरबारात गायक म्हणून राहिले. तेथे सरदार घराण्यातील ताराबाई माने यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दोघांनी बडोदे सोडले. पुढे मुंबई, मिरज, पुणे आणि कर्नाटकातील धारवाड-हुबळीचा परिसर ही त्यांची कर्मभूमी झाली. कैरान्याहून आलेले हे गाणे मराठी आणि कानडी मुलखात रुजले ते यामुळेच.

सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर आणि सरस्वती राणे ही त्यांची अपत्ये मराठी रसिकांना स्वतंत्र ओळखीची गरज न भासावी इतकी मोठी झाली. कुंदगोळचे रामभाऊ, अर्थात सवाई गंधर्व, हे त्यांचे पट्टशिष्य. रोशनआरा बेगम, बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी, दशरथबुवा मुळे हीही शिष्यमंडळी. पुण्यात १९१३ मध्ये त्यांनी आर्य संगीत विद्यालयाची स्थापना केली. म्हैसूर दरबारी त्यांना मोठा मान होता. कर्नाटक संगीताचा मनापासून अभ्यास करणाऱ्या पहिल्या काही हिंदुस्थानी गायकांत त्यांची गणना होते.

२७ ऑक्टोबर १९३७ रोजी, मद्रासकडील दौऱ्यात पाँडिचेरीला जात असताना, सिंगपेरुमाळ कोइल या लहानशा रेल्वे स्थानकावर त्यांचे निधन झाले. मिरजेच्या ख्वाजा मीरासाहेब दर्ग्याच्या परिसरात त्यांची कबर आहे. या दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ भरणारा संगीतोत्सव गायक-वादक आजही हजेरीचा मान म्हणून पाहतात.

कर्ण्यासमोरचे गाणे

भारतात व्यावसायिक ध्वनिमुद्रणाला सुरुवात झाली ती नोव्हेंबर १९०२ मध्ये, कोलकात्यात. लंडनच्या ग्रामोफोन अँड टाइपरायटर कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग तेव्हा येथे आला आणि गौहर जान यांच्यासह अनेकांचा आवाज त्याने मेणावर उतरवला. या प्रयोगाला यश येताच १९०४-०५ मध्ये कंपनीने दुसरा दौरा आखला. त्याची जबाबदारी विल्यम सिंकलर डार्बी आणि मॅक्स हँपे यांच्यावर होती. अब्दुल करीम खाँ यांच्या आरंभीच्या तबकड्या याच काळातील आहेत. त्या वेळी त्यांचे वय जेमतेम बत्तीस-तेहतीस होते. हिराबाईंचा जन्म याच १९०५ सालचा, हे लक्षात घेतले म्हणजे हा काळ किती मागचा आहे याची कल्पना येते.

त्या वेळी मायक्रोफोन नव्हता. विजेच्या साहाय्याने ध्वनिमुद्रण होऊ लागले ते १९२५ नंतर. तोपर्यंत गायकाने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावे, त्या आवाजाने कर्ण्याच्या टोकाचा पातळ पडदा थरथरावा आणि पडद्याला जोडलेल्या सुईने फिरत्या मेणाच्या चकतीवर रेघ कोरावी, अशी रीत होती. या पद्धतीत अतिखर्जाचे आणि अतितार ध्वनी उमटतच नसत. सुमारे दोन-अडीच हजार हर्ट्झच्या पलीकडचे फारसे काही चकतीवर येत नसे. तंबोऱ्याचा भरणा जवळजवळ नाहीसा होई, तबल्याच्या डग्ग्याचे घुमणे हरवे आणि गायकाच्या आवाजातील अनेक बारकावे गळून जात. गाताना मान हलवली तरी आवाज कमी-जास्त होई.

वेळेचे बंधन त्याहून कडक होते. सात इंची तबकडीवर दीड-दोन मिनिटे, दहा इंचीवर सुमारे तीन मिनिटे आणि बारा इंचीवर चार मिनिटांच्या आसपास मजकूर मावे. ज्या गायकाला एक राग मांडायला तासभरही अपुरा पडे, त्याने तीन मिनिटांत स्थायी, अंतरा, आलाप आणि ताना आटोपायच्या. या अटीमुळे आणि आवाज ‘चोरला’ जाण्याच्या भीतीमुळे अनेक बुजुर्ग गवई ध्वनिमुद्रणापासून चार हात लांब राहिले. पहिल्या काही वर्षांच्या सूचींमध्ये गायिकांची नावे ठळकपणे दिसतात, त्याचे एक कारण हेच. ख्यालगायक असूनही इतक्या लवकर कर्ण्यासमोर उभे राहिलेल्या मोजक्या पुरुष गायकांपैकी अब्दुल करीम खाँ एक होत.

मेणावर उतरलेली ही ध्वनिमुद्रणे जर्मनीतील हॅनोव्हर येथे पाठवली जात. तेथे मेणाच्या चकतीवर धातूचा मुलामा चढवून साचे तयार होत आणि लाखेच्या तबकड्या छापून बोटीने पुन्हा भारतात येत. हा वळसा १९०८ मध्ये कोलकात्यात सियालदह येथे कारखाना सुरू होईपर्यंत चालू होता. परदेशातील कारागिरांना कोणती चकती कोणाची हे कळावे, म्हणून अनेक कलावंत गाण्याच्या शेवटी स्वतःचे नाव मोठ्याने सांगत. कारखान्याच्या सोयीसाठी केलेली ही उद्घोषणा आज संशोधकांना ओळखीचा पुरावा म्हणून उपयोगी पडते.

विस्मृती कशी आली?

इतक्या मोठ्या गायकाचे ध्वनिमुद्रण विसरले कसे जाते, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याची कारणे बरीचशी व्यावहारिक आहेत. १९०५ च्या सुमाराच्या तबकड्या एकाच बाजूने छापलेल्या होत्या. पुढे दोन्ही बाजूंच्या तबकड्या आल्या आणि एकबाजूच्या मागे पडल्या. त्या काळी फोनो ही श्रीमंतांच्या दिवाणखान्यातील वस्तू असल्याने खपही मर्यादित होता. शिवाय पोलादी सुईने वाजणारी लाखेची तबकडी प्रत्येक वादनागणिक झिजते. जी तबकडी आवडती, ती आधी निकामी होते. लाख ठिसूळ असल्यामुळे घर बदलताना, माळा साफ करताना किती तबकड्या फुटल्या असतील त्याला गणतीच नाही. दुसऱ्या महायुद्धात लाखेचा तुटवडा पडला तेव्हा अनेक देशांत जुन्या तबकड्या गोळा करून, भरडून त्यांतून नव्या बनवल्या गेल्या.

विजेच्या ध्वनिमुद्रणानंतर तर कर्ण्यावरच्या जुन्या तबकड्या ऐकणाऱ्याला खरखरीत आणि बेचव वाटू लागल्या. कंपन्यांच्या दृष्टीनेही त्यांना बाजारमूल्य उरले नव्हते. जे विकले जात नाही ते सूचीतून गळते आणि जे सूचीतून गळते ते हळूहळू स्मरणातूनही जाते.

दुसऱ्यांदा ध्वनिमुद्रण

१९३० च्या दशकाच्या मध्यास मुंबईच्या रूबी रेकॉर्ड कंपनीने खाँसाहेबांना पुन्हा ध्वनिमुद्रणासाठी राजी केले आणि ओडियन या छापाखाली त्यांच्या तबकड्या बाजारात आल्या. आता मायक्रोफोन होता. त्यामुळे कुजबुजीइतका हलका स्वरही तबकडीवर उतरू शकत होता आणि खाँसाहेबांच्या उतारवयातील हळुवार आवाजाला हे तंत्र विलक्षण मानवले. या संचात ख्याल होते, ठुमऱ्या होत्या, ‘मानापमान’ नाटकातील ‘चंद्रिका ही जणू’ हे मराठी पद होते आणि त्यागराजांची खरहरप्रिया रागातील कृतीही होती. उत्तरेकडील गवयाने तेलुगू कृती तबकडीवर गावी, ही त्या काळी अपूर्वाईची गोष्ट होती.

या तबकड्यांचा प्रभाव विलक्षण होता. झिंझोटीतील ठुमरीची तबकडी लहानपणी ऐकून भारावलेल्या मुलाने गुरूच्या शोधात घर सोडले आणि तो मुलगा पुढे भीमसेन जोशी झाला, ही हकिकत सर्वश्रुत आहे. सवाई गंधर्वांकडे शिकून भीमसेनांनी खाँसाहेबांचे गाणे तिसऱ्या पिढीपर्यंत नेले. गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या महोत्सवाने ही परंपरा लाखो श्रोत्यांपर्यंत पोहोचवली. दीर्घवादी तबकड्या, कॅसेट आणि सीडी या सर्व माध्यमांत खाँसाहेब म्हणून पुनःपुन्हा निघत राहिले ते प्रामुख्याने ओडियनचे गाणे. परिणामी ‘अब्दुल करीम खाँ’ म्हणजे हाच वृद्ध, करुणार्त आवाज असे समीकरण पक्के झाले.

संग्राहकांची चिकाटी

जुन्या तबकड्यांचा शोध सरकारी दप्तरांत लागत नाही. मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा जुना बाजार, पडायला आलेले वाडे, बंद पडलेल्या नाटक मंडळ्यांचे सामान आणि भंगारवाल्यांची गोदामे ही त्याची ठिकाणे. वर्षानुवर्षे पदरमोड करून फिरणाऱ्या हौशी संग्राहकांनी या तबकड्या वाचवल्या. अशा मंडळींना एकत्र आणण्यासाठी १९९० मध्ये मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था स्थापन झाली. डॉ. सुरेश चांदवणकर यांच्यासारख्या संग्राहकांनी श्रवणसत्रे आणि संस्थेचे नियतकालिक यांच्या माध्यमातून विखुरलेली माहिती एकत्र केली. ‘यंग इंडिया’ या मुंबईच्या देशी छापाच्या तबकड्यांचे डिजिटल रूपांतर ब्रिटिश लायब्ररीच्या धोक्यातील दप्तरांसाठीच्या योजनेतून झाले, तेही याच वर्तुळाच्या प्रयत्नांमुळे.

दुसरे मोठे काम ऑस्ट्रेलियातील संशोधक मायकेल किनियर यांचे. ग्रामोफोन कंपनीच्या १८९९ ते १९०८ या काळातील भारतीय ध्वनिमुद्रणांची त्यांनी तयार केलेली सूची १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यानंतर २००३ मध्ये ‘संगीतरत्न’ या शीर्षकाने त्यांनी खाँसाहेबांचे चरित्र आणि त्यांच्या ध्वनिमुद्रिकांची तपशीलवार सूची असा ग्रंथ सिद्ध केला. बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी यांनी १९७२ मध्ये लिहिलेले मराठी चरित्र शिष्याच्या आठवणींवर उभे आहे. किनियर यांनी त्याला तबकड्यांच्या आकड्यांची जोड दिली.

हे आकडे म्हणजे काय, हे समजून घेणे आवश्यक आहे. प्रत्येक तबकडीवर दोन प्रकारचे क्रमांक असतात. एक विक्रीच्या सूचीतील, जो मधल्या कागदी पट्ट्यावर छापलेला असतो. दुसरा ध्वनिमुद्रणाचा मूळ क्रमांक, जो पट्ट्याच्या कडेला लाखेतच उमटलेला असतो. विक्रीचा क्रमांक पुनर्मुद्रणात बदलू शकतो, पण मूळ क्रमांक मेणाच्या चकतीपासून चालत आलेला असतो. त्याला जोडलेल्या अक्षरांवरून ध्वनिमुद्रक कोण होता हे कळते आणि मागच्या-पुढच्या क्रमांकांवरून दौऱ्यातील ठिकाण व काळ यांचा अंदाज बांधता येतो. कागदी पट्ट्यावरील नावांत आणि रागांत परदेशी छपाईमुळे चुका होत. तेव्हा तबकडी हाती लागली म्हणजे शोध संपला असे होत नाही. ती कोणाची, केव्हाची आणि तीत खरोखर कोणता राग आहे हे ठरवण्याचे काम तेथून सुरू होते.

किती फेरे?

या कामातील सर्वांत नाजूक प्रश्न तबकडीच्या वेगाचा आहे. ‘अठ्ठ्याहत्तरची तबकडी’ असा शब्दप्रयोग रूढ असला तरी विसाव्या शतकाच्या आरंभी मिनिटाला ७८ फेरे हे प्रमाण ठरलेले नव्हते. ध्वनिमुद्रकागणिक आणि दौऱ्यागणिक वेग सत्तरपासून ऐंशीपर्यंत कुठेही असू शकत असे. समजा, ७० फेऱ्यांनी मुद्रित झालेली तबकडी ७८ फेऱ्यांनी वाजवली, तर गाणे सुमारे ११ टक्क्यांनी वेगवान होते आणि पट्टी जवळजवळ एक पूर्ण स्वर चढते. तीन मिनिटांचे गाणे दोन मिनिटे बेचाळीस सेकंदांत संपते. ठाय लयीतील बंदिश मध्य लयीत गेल्यासारखी वाटते, ताना अमानवी वेगाच्या भासतात आणि भरदार आवाज पातळ होतो.

अब्दुल करीम खाँ यांच्याबाबत ही चूक विशेष महागात पडते. कारण उंच पट्टी आणि स्वराची सूक्ष्मता हीच त्यांची ओळख. सांगलीचे निवृत्त अधिकारी कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींवर संशोधन करून १९१० मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. देवल आणि ब्रिटिश न्यायाधीश ई. क्लेमेंट्स यांच्या या प्रयोगांना खाँसाहेबांनी आपल्या गळ्याचे साहाय्य दिले होते. श्रुतिशास्त्रात ‘प्रमाणश्रुती’ म्हणून जे सर्वांत लहान अंतर मानले जाते, तेवढा फरक तबकडी मिनिटाला ७८ ऐवजी ७९ फेरे फिरल्याने पडतो. अर्थात वेग बदलला तरी सर्व स्वर एकाच प्रमाणात वर-खाली होतात. त्यामुळे स्वरांची परस्पर नाती बिघडत नाहीत. बदलते ती पट्टी, लय आणि आवाजाचा पोत.

परंतु तबकडीचे मधले छिद्र नेमक्या केंद्रात नसेल, तर नातीही बिघडतात. दहा इंची तबकडीच्या बाहेरच्या भागात एक मिलिमीटरचे अंतर चुकले तरी प्रत्येक फेऱ्यात स्वर सुमारे एक टक्क्याने वर जातो आणि तितकाच खाली येतो. ज्या गायकाचे सारे सामर्थ्य न हलणाऱ्या षड्जात आहे, त्याचा षड्ज मग डुलताना ऐकू येतो. म्हणूनच जाणकार तंत्रज्ञ तबकडी वाजवण्यापूर्वी तिचे केंद्र नव्याने साधतात आणि योग्य वेग ठरवण्यासाठी साथीच्या पेटीची पट्टी, लगतच्या क्रमांकांच्या तबकड्या आणि गायकाची ज्ञात पट्टी यांचा मेळ घालतात. इंटरनेटवर फिरणाऱ्या अनेक जुन्या गाण्यांबाबत ही काळजी घेतलेली नसते. ती ऐकून गायकाच्या आवाजाविषयी मत बनवणे त्यामुळे धोक्याचे ठरते.

तरुण गाण्यातून काय कळते?

खरखर आणि वेळेची मर्यादा जमेस धरूनही आरंभीच्या तबकड्यांतील गायक निराळा आहे, हे लक्षात येते. येथे आवाज ताजा आणि जोरकस आहे. ताना वेगवान आहेत. लयीशी खेळण्याची हौस आहे. उतारवयातील गाण्यात जी विरघळून जाण्याची वृत्ती दिसते तिच्या जागी येथे आत्मविश्वास आणि चपळाई आहे. ग्वाल्हेरचे रहमत खाँ यांच्या आर्त गाण्याचा अब्दुल करीम खाँ यांच्यावर मोठा प्रभाव पडला, असे संगीताचे इतिहासकार सांगतात. तरुणपणीचे आणि वार्धक्यातील गाणे शेजारी ठेवले म्हणजे त्या वाटचालीची दोन टोके प्रत्यक्ष ऐकता येतात.

याचा एक महत्त्वाचा परिणाम शिष्यपरंपरेच्या आकलनावर होतो. सवाई गंधर्व खाँसाहेबांकडे शिकले ते विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, म्हणजे या आरंभीच्या तबकड्यांच्या काळात. उलट रोशनआरा बेगम यांना लाभले ते १९३० च्या दशकातील गुरू. किराणा घराणे म्हणजे संथ आलाप आणि कारुण्य असे समीकरण मांडले, की सवाई गंधर्वांच्या किंवा भीमसेनांच्या गाण्यातील ताकद आणि तानबाजी ‘बाहेरून आलेली’ वाटू लागते. तरुण अब्दुल करीम खाँ ऐकले, की त्यातला काही भाग तरी गुरूच्याच गळ्यातून आला असावा, हा तर्क बळकट होतो. एकाच गुरूच्या दोन वयांतील गाण्यांनी दोन प्रकारचे शिष्य घडवले, असे म्हणण्यास येथे जागा आहे.

मात्र पुराव्याची मर्यादाही ओळखायला हवी. सविस्तर बढत हा किराणा घराण्याचा मानबिंदू. तो १९०५ च्या तबकडीत नाही, तसाच ओडियनच्या तबकडीतही नाही. तीन मिनिटांत तो मावणेच शक्य नव्हते. विलंबित बढतीसाठी गौरवले जाणारे याच घराण्याचे अब्दुल वहीद खाँ यांचीही रेडिओवरील मोजकीच ध्वनिमुद्रणे उरली आहेत. ज्या गुणासाठी घराणे ओळखले जाते, त्याच्या पहिल्या पिढीतील रूपाविषयी आजही ऐकीव माहितीवरच विसंबावे लागते. तबकडी खोटे बोलत नाही, पण ती सगळे सांगतही नाही.

जे आवाज उरलेच नाहीत

अब्दुल करीम खाँ यांच्याबाबत निदान दोन टप्प्यांचे गाणे उपलब्ध आहे. त्यांच्या समकालीनांचे नशीब इतके चांगले नव्हते. १९२२ मध्ये निधन पावलेले गायनाचार्य भास्करबुवा बखले हे मास्तर कृष्णराव आणि बालगंधर्व यांचे गुरू. त्यांचे एकही ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँ १९४६ पर्यंत हयात होते. त्या वेळी ध्वनिमुद्रणाचे तंत्र उत्तम विकसित झाले होते, रेडिओ होता. तरीही त्यांची तबकडी निघाली नाही. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्या गाण्यातूनच त्यांच्या गायकीची कल्पना करावी लागते.

या पार्श्वभूमीवर, तिशीतल्या एका गवयाने कर्ण्यात तोंड घालून काही मिनिटे गाण्याचे मान्य केले, या निर्णयाचे महत्त्व कळते. त्या वेळी अनेकांना तो उथळपणा वाटला असेल. आज मात्र भारतीय संगीताच्या इतिहासातील तो एक दस्तऐवज आहे.

जतनाची आजची स्थिती

भारतीय प्रताधिकार कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचे हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतात. खाँसाहेबांच्या दोन्ही काळांतील तबकड्या त्यामुळे केव्हाच सर्वांसाठी खुल्या झाल्या आहेत. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातील संग्रह, गुरुग्राम येथील वांशिक संगीताचे अभिलेखागार, विक्रम संपत यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले भारतीय संगीताचे डिजिटल दालन अशा अनेक प्रयत्नांतून जुने संगीत जतन होत आहे. खासगी संग्राहकांनी इंटरनेटवर ठेवलेला साठाही मोठा आहे. परंतु अनेक संग्रह एकेका व्यक्तीच्या हयातीशी बांधलेले आहेत. संग्राहक वारला की घरच्यांना त्या जड, धुळकट तबकड्यांचे काय करावे कळत नाही आणि ज्या भंगारातून त्या वाचवल्या होत्या तेथेच त्या परत जातात.

अनेक मराठी घरांत आजही माळ्यावर जुन्या तबकड्या असतात. त्या हाती लागल्यास काही गोष्टी पाळाव्यात. तबकड्या एकीवर एक आडव्या न रचता उभ्या ठेवाव्यात आणि ऊन व उष्णतेपासून दूर ठेवाव्यात. पुसण्यासाठी मऊ कापड व शुद्ध केलेले पाणी वापरावे. स्पिरिट किंवा अल्कोहोल कदापि वापरू नये, कारण त्यात लाख विरघळते. जुन्या फोनोवर पोलादी सुईने तबकडी ‘चालते का पाहू’ म्हणून वाजवू नये. त्या एका वादनातही झीज होते. दीर्घवादी तबकडीची सुईही येथे चालत नाही. लाखेच्या तबकडीची खाच रुंद असते आणि तिला सुमारे तिपटीने जाड टोकाची सुई लागते. प्रथम दोन्ही क्रमांकांसह तबकडीचे स्पष्ट छायाचित्र काढावे आणि जाणकार संस्थेला दाखवावे.

डिजिटल रूपांतर करताना मूळ खरखरीसह एक प्रत जशीच्या तशी ठेवणे हा जगभर मान्य झालेला दंडक आहे. उच्च दर्जाच्या रूपांतरासाठी सामान्यतः ९६ किलोहर्ट्झ आणि २४ बिट हे प्रमाण वापरले जाते. खरखर काढण्याच्या भरात गायकाचा श्वास आणि स्वराची धारही पुसली जाते. उद्याचे तंत्र आजच्यापेक्षा चांगले असेल, पण त्याला काम करण्यासाठी मूळ ध्वनी शिल्लक असावा लागतो.

दृष्टिक्षेपात

१८७२ : कैराना येथे अब्दुल करीम खाँ यांचा जन्म.
१९०२ : कोलकात्यात भारतातील पहिले व्यावसायिक ध्वनिमुद्रण.
१९०४-०५ : ग्रामोफोन अँड टाइपरायटर कंपनीचा दुसरा दौरा, याच सुमारास खाँसाहेबांच्या पहिल्या तबकड्या.
१९०८ : सियालदह येथे तबकड्यांचा कारखाना सुरू.
१९१३ : पुण्यात आर्य संगीत विद्यालयाची स्थापना.
१९२५ : विजेच्या साहाय्याने होणाऱ्या ध्वनिमुद्रणाचा आरंभ.
१९३० च्या दशकाचा मध्य : रूबी रेकॉर्ड कंपनीतर्फे ओडियनच्या तबकड्या.
१९३७ : २७ ऑक्टोबर रोजी निधन, मिरज येथे दफन.
१९७२ : बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी लिखित मराठी चरित्र.
१९९० : मुंबईत तबकड्या-संग्राहकांच्या संस्थेची स्थापना.
२००३ : मायकेल किनियर यांचा ‘संगीतरत्न’ हा चरित्र व सूचिग्रंथ.